‘खरी जनता माझ्यामागे’ की ‘मी चौकटीत राहीन’: मत देण्यापूर्वी दोन नेतृत्वांची तुलना

मतपत्रिकेवर पक्ष असतात, चिन्हे असतात. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनेक लोकशाही देशांतल्या मतदारांना प्रत्यक्षात निवड करावी लागली ती नेतृत्वाच्या दोन तऱ्हांमधून. एक नेता सांगतो की खरी जनता माझ्यामागे आहे. न्यायालये, वृत्तपत्रे, नोकरशहा, तज्ज्ञ हे सगळे मूठभर प्रस्थापितांचे हस्तक आहेत. दुसरा सांगतो की कायद्याने आखलेल्या चौकटीत, ठरलेल्या मुदतीपुरता मी कारभार करीन. पहिल्याला लोकानुनयी म्हणू, दुसऱ्याला संस्थानिष्ठ. डावे-उजवे हा भेद इथे कामाचा नाही. व्हेनेझुएलाचे ह्यूगो चावेझ डावे आणि हंगेरीचे व्हिक्टर ओर्बान उजवे, तरी दोघांच्या कारभारातले साम्य डोळ्यांत भरते.

लोकांचे दुखणे आधी कोणाला कळते?

इथे लोकानुनयी नेता सरस ठरतो, आणि हे त्याच्या विरोधकांनी मोकळेपणाने मान्य करायला हवे. अमेरिकेत १८९२ साली कर्ज आणि रेल्वेच्या भाड्याने पिचलेल्या शेतकऱ्यांनी पीपल्स पार्टी उभी केली. उत्पन्नानुसार चढता आयकर आणि सिनेटची (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची) थेट निवडणूक या तिच्या मागण्या. पक्ष फार काळ टिकला नाही, पण १९१३ मध्ये आयकर आणि सिनेटची थेट निवडणूक, दोन्ही अमेरिकेच्या राज्यघटनेत आले. पोलंडमध्ये ‘कायदा आणि न्याय’ पक्षाने २०१६ पासून मुलांसाठी दरमहा ५०० झ्लॉटी द्यायला सुरुवात केली. आधी दुसऱ्या मुलापासून, २०१९ पासून प्रत्येक मुलाला. २०२३ मध्ये त्यांचा पराभव करून आलेल्या सरकारलाही ही योजना बंद करावीशी वाटली नाही. जानेवारी २०२४ पासून तर रक्कम ८०० झ्लॉटी झाली. म्हणजे गरज खरी होती, आणि तिच्याकडे आधीच्या सरकारांनी पुरेसे पाहिले नव्हते.

संस्थानिष्ठ नेतृत्वाची दुबळी बाजू इटलीत उघडी पडली. नोव्हेंबर २०११ मध्ये कर्जसंकटाच्या ऐन भरात अर्थतज्ज्ञ मारिओ मोंती पंतप्रधान झाले, तेही निवडणूक न लढवता. त्यांनी निवृत्तीचे वय वाढवले, कर वाढवले. नियमांच्या दृष्टीने सगळे चोख होते. पण ज्यांच्या पेन्शनला कात्री लागली त्यांना कोणी विचारले नव्हते. फेब्रुवारी २०१३ च्या निवडणुकीत मोंतींच्या आघाडीला सुमारे १० टक्के मते पडली आणि प्रस्थापितांना हाकलून द्या म्हणणाऱ्या फाइव्ह स्टार मूव्हमेंटला सुमारे २५ टक्के. पाच वर्षांनी तोच देशातला सर्वांत मोठा पक्ष झाला. लोकांपुढे पर्यायच न ठेवणारा सभ्य कारभार असा लोकानुनयासाठी जमीन तयार करून देतो.

नकार देणाऱ्यांशी वागणूक

माझ्या मते सगळ्या तुलनेचा गाभा हा आहे. भाषणे बाजूला ठेवा. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांचे हा नेता काय करतो ते पाहा.

हंगेरीत २०१० साली ओर्बान यांच्या आघाडीला ५३ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, पण निवडणूक पद्धतीमुळे जागा मिळाल्या दोन-तृतीयांश. तेवढ्या बळावर केवळ सत्ताधाऱ्यांच्या मतांनी नवी राज्यघटना मंजूर झाली आणि ती १ जानेवारी २०१२ पासून लागू झाली. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले गेले, त्यामुळे ज्येष्ठ न्यायाधीश एका फटक्यात घरी गेले. युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये हा वयावरून केलेला भेदभाव ठरवला, पण तोवर बऱ्याच जागा भरल्या गेल्या होत्या. निवडणूक कायदाही बदलला. २०१४ मध्ये ४५ टक्क्यांहूनही कमी मतांवर पुन्हा दोन-तृतीयांश जागा हाती आल्या. कुठे रणगाडा आला नाही, की कोणती बैठक चोरून झाली नाही. प्रत्येक पाऊल कायदा करूनच उचलले गेले, म्हणून त्याविरुद्ध दाद मागणेही अवघड झाले.

व्हेनेझुएलात १९९८ ला निवडून आलेल्या चावेझ यांनी पुढच्याच वर्षी नवी घटना आणली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची संख्या २० वरून ३२ केली आणि २००९ मध्ये सार्वमत घेऊन अध्यक्षपदाच्या मुदतीची मर्यादा काढून टाकली. तेलाला भाव होता तोवर गरिबांच्या हाती पैसा पोहोचला, हे खरेच. भाव कोसळले तेव्हा चुकीची धोरणे थांबवू शकेल अशी एकही स्वतंत्र संस्था उरलेली नव्हती. ७० लाखांहून अधिक माणसांनी देश सोडला.

संस्थानिष्ठ नेताही चुका करतो, कधी फार मोठ्या. पण त्याच्या चुकीवर न्यायालयात जाता येते, तिच्याविरुद्ध छापता येते, पुढच्या निवडणुकीत त्याला घरी पाठवता येते. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले होते. ते याच मुद्द्यावर नेमके बोट ठेवतात: नेता कितीही थोर असो, त्याला अडवण्याची सोय राहिली पाहिजे.

हरल्यावर

२००० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख मते जास्त पडली होती. पण तिथे निकाल राज्यवार लागतो; फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर सगळे अडले आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबवली. निकाल पटत नाही असे जाहीरपणे सांगून गोर यांनी तो स्वीकारला. २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पराभव मानला नाही आणि ६ जानेवारी २०२१ ला त्यांचे समर्थक संसदेत घुसले. ब्राझीलमध्ये २०२२ ला झाईर बोल्सोनारो ४९.१ विरुद्ध ५०.९ टक्के असे हरले. ८ जानेवारी २०२३ ला त्यांच्या समर्थकांनी संसद, अध्यक्षीय प्रासाद आणि सर्वोच्च न्यायालय यांची नासधूस केली. ‘खरी जनता माझ्यामागे’ हे एकदा गृहीत धरले की पराभव ही फसवणूकच वाटू लागते.

याला अपवाद सापडतात. ‘गरीबी हटाओ’ म्हणत १९७१ मध्ये ३५२ जागा जिंकणाऱ्या इंदिरा गांधींनी १९७५ मध्ये आणीबाणी लादली, ४२ व्या घटनादुरुस्तीने न्यायालयांचे अधिकार आवळले. पण १९७७ चा पराभव स्वीकारून त्या पायउतार झाल्या.

राहणीवरून ठरवू नका

उरुग्वेचे होसे मुहिका अध्यक्ष असताना साध्या शेतघरात राहत आणि पगाराचा बहुतांश भाग दान करत. भाषा रांगडी, कपडे साधे. पण लागोपाठ दुसऱ्यांदा अध्यक्ष होण्यास घटनेची मनाई होती, ती बदलायचा खटाटोप त्यांनी केला नाही आणि २०१५ मध्ये ते पायउतार झाले. उलट ओर्बान कायद्याचे पदवीधर, काही काळ ऑक्सफर्डलाही होते.

किती सत्ता हाती जाणार आहे?

हा प्रश्न मतदार क्वचितच विचारतो, आणि माझा कौल यावरच ठरतो. फिनलंडमध्ये ट्रू फिन्स पक्ष २०१५ ला सत्तेत आला तो आघाडीतला एक भागीदार म्हणून. त्याला तडजोडी कराव्या लागल्या, २०१७ मध्ये पक्ष फुटला, पण संस्था शाबूत राहिल्या. पोलंडमध्ये मात्र ‘कायदा आणि न्याय’ पक्षाने आठ वर्षांत बदललेली न्यायव्यवस्था दुरुस्त करताना नव्या सरकारला राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार आडवा आला. तेव्हा लोकानुनयी पक्ष तुमचे खरे दुखणे मांडत असेल आणि त्याला विरोधी बाकांवर किंवा आघाडीत जागा मिळणार असेल, तर त्याला मत देण्यात मला मोठा धोका दिसत नाही. संस्थानिष्ठांना खडबडून जागे करायला ते उपयोगी पडू शकते. पण घटना एकट्याने बदलता येईल इतके बहुमत त्याच्या आवाक्यात असेल, तर योजना कितीही चांगली असो, मत संस्थानिष्ठ उमेदवाराला द्या, आणि ती योजना राबवण्याचे वचन त्याच्याकडून मतदानाआधीच मागून घ्या.