पिकअप घेताय? आधी चाकाचे नट मोजा

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे "जुन्या गाडीत थोडंफार व्हायचंच रे" हे कुणी ऐकवायला नको. एक जुनी पिकअप घेऊन बुडालेले 11,240 डॉलर. टॅक्स आणि नंबरप्लेटचे धरलेले नाहीत, वकिलाचे तर नाहीतच.

आम्ही अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या, म्हणजे मोठ्या तळ्यांच्या, काठाला राहतो. लेक इफेक्ट स्नो, म्हणजे तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याने पडणारा बर्फ, काय चीज आहे ते इकडच्यांना माहितीये, 2022 च्या नोव्हेंबरात बफेलोजवळ ऑर्चर्ड पार्कला 80 इंचांच्या आसपास पडला होता, आमच्याकडे एवढा नाही पडत पण त्याच्या निम्मा पडला तरी माणूस कंबरेपर्यंत आत जातो. घर गावाबाहेर, ड्राइव्हवे 400 फूट, प्लाऊवाला (गाडीपुढे फाळ लावून बर्फ सरकवणारा) एका खेपेचे 65 डॉलर घेतो आणि उगवतो दुपारी दोनला, तोपर्यंत पोरांची शाळा, बायकोची हॉस्पिटलची ड्यूटी सगळं बोंबलतं. वर मागे ओढायचा कॅम्पर घेतलाय, सामान भरल्यावर 7,000 पौंड. म्हणून म्हटलं दोन्ही कामाला एकच पिकअप घ्यायची, आणि घ्यायची तर जड कामाची 2500 च, हलकी 1500 (हाफ टन म्हणतात ती) नाही. हे मला माहिती होतं, हे मुद्दाम सांगतोय. अभ्यास न करता गेलो नव्हतो मी. कॅम्पर 7,000 चा असेल तर हिचवर, म्हणजे मागच्या हुकावर, 10 ते 15 टक्के म्हणजे 700 ते 1,050 पौंड बसतात, ते पेलोडमधूनच, म्हणजे गाडी स्वतःवर जेवढं वजन घेऊ शकते त्यातूनच, जातात, त्यात आम्ही चौघं, कूलर, पोरांच्या सायकली, म्हणजे हाफ टनचा जीव तिथेच संपला. पुढे साडेसात फुटी प्लाऊ लावला तर तो सातशे पौंडांच्या वर, आणि तो उचललेला असतो तेव्हा सगळा भार पुढच्या ॲक्सलवर. एवढं सगळं डोक्यात घेऊन गेलो आणि तरी 1500 च गळ्यात मारली.

जाहिरात अशी: 2015 सिल्वराडो (शेवीची, म्हणजे शेव्हरोलेची पिकअप), हेवी ड्यूटी, प्लाऊसकट, "टो करायला रेडी", 24,500 डॉलर. डीलर छोटा, हायवेलगतचा. फोनवर लई गोड माणूस, दर वाक्याला माय फ्रेंड. मी म्हटलं दारातल्या स्टिकरचा फोटो पाठवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतो तो, माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको असं लिहिलेला. पाच मिनिटांत फोटो आला. 3,084 पौंड. मी खूश, 2500 चा आकडा साधारण असाच असतो.

त्या फोटोत शेजारच्या स्टिकरवर, बरोबर जिथे व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, छापलेला असतो तिथे, त्याचा अंगठा होता.

अंगठा! नख काळं झालेलं, कडेला ग्रीस, आजही तो फोटो उघडला की मला गाडी दिसत नाही, तो अंगठा दिसतो. मला वाटलं फोन धरताना मध्ये आला असेल. आता तुम्ही म्हणाल फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताचा अंगठा स्टिकरवर कसा "मध्ये येईल", बरोबर आहे, पण तुम्हाला आता कळतंय कारण मी सांगतोय. तेव्हा समोर आकडा होता आणि मी आकडा बघत होतो.

प्रत्यक्ष बघायला गेलो तर दारात स्टिकरच नाही. म्हणे बॉडी शॉपने खांब रंगवला तेव्हा निघाला, तुमच्याकडे फोटो आहेच की माय फ्रेंड. पाठीमागचे बॅज पण काढलेले, म्हणे आधीच्या मालकाला प्लेन लूक आवडायचा. खरंच लोक काढतात हो बॅज, पार्किंग लॉटमध्ये बघा. पुढून गाडी चांगली उंच, रुबाबदार. टेस्ट ड्राइव्हला काही आवाज नाही, कारण प्लाऊ तेव्हा शेडमध्ये होता, "बसवून देतो". 1,100 कमी करून 23,400 ला ठरवली, वर 280 डॉक फी (कागदपत्रांची), आणि घरी येताना मीच बायकोला सांगत होतो की बघ कसा भाव पाडला. ती एवढंच म्हणाली होती की त्या माणसाला एवढी घाई कसली आहे.

पहिल्या मोठ्या बर्फात प्लाऊ उचलला की गाडीचं नाक खाली. स्टीअरिंग जड. दोन तासांनी डावीकडून कटकट आवाज, मग खाड्कन काहीतरी तुटलं आणि चाक तिरकं. टो करून गॅरेजला नेली.

मेकॅनिक म्हातारा, बोलायला कमी. खाली बसला आणि हातातल्या पान्याने चाकाच्या एकेका नटाला टकटक करत मोजलं. सहा. माझ्याकडे बघितलं, परत मोजलं. सहा. 2500 ला आठ असतात, म्हणाला. मग बॉनेट उघडलं, 5.3 लिटरचं इंजिन. त्या वर्षीच्या 2500 मध्ये 6.0 पेट्रोल नाहीतर 6.6 डिझेल, 5.3 मिळतच नाही. मग ग्लोव्ह बॉक्स. 2015 च्या शेवीमध्ये तिथे एक स्टिकर असतो, तीन-तीन अक्षरांचे कोड असलेला, आणि वर मॉडेल नंबर. सीके 15 ने सुरू. 2500 असती तर सीके 25. स्नो प्लाऊ प्रेपचा कोड व्हीवायू, तो अख्ख्या यादीत नाही. म्हणजे त्या महाभागाने फोटो दुसऱ्याच गाडीच्या स्टिकरचा पाठवला, या गाडीच्या दारातला स्टिकर खरवडला आणि ग्लोव्ह बॉक्समधला विसरला, आणि तो स्टिकर माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होता आणि मी त्यात टिश्यू पेपर ठेवत होतो.

पुढची उंची कशाची, तर स्प्रिंगवर टाकलेल्या स्पेसरची, जाड चकतीची. लेव्हलिंग किट. नाक वर दिसतं, ॲक्सलची ताकद एक पौंडानेही वाढत नाही. तट्टाच्या मानेवर बैलाचं जू ठेवलेलं. वरचा बॉल जॉइंट, सीव्ही ॲक्सल, कंट्रोल आर्म, सगळं मिळून 2,860.

मी भाबडा आहे असं वाटत असेल तर ऐका, आयुष्यभर आधी मारुती आणि मग कॅमरी चालवलेल्या माणसाला चाकाचे नट मोजायचे असतात हे कोण सांगणार? कागदावर नुसतं सिल्वराडो पिकअप. तपासणीला मेकॅनिक न्यायला हवा होता म्हणे. अहो, शनिवारी संध्याकाळी चार वाजता, "सोमवारी दुसरा गिऱ्हाईक येतोय" म्हटल्यावर, कुठून आणू मेकॅनिक? (ही सोमवारची थाप जगात सगळीकडे सारखीच. ऐकली की तिथून निघा.)

आता खरा तमाशा. डीलर म्हणाला ॲज इज, म्हणजे आहे तशी, घेतली तुम्ही, सही आहे. गाडीच्या खिडकीवरच्या बायर्स गाइड नावाच्या कागदावर ॲज इजच्या चौकोनात टिक होती, खरंय. पण ॲज इज म्हणजे गाडी बिघडली तर तुमची, गाडी वेगळीच निघाली तर पण तुमची? पोलिसांकडे गेलो, काउंटरवरच्या माणसाने अंगठ्याचा फोटो न बघताच सांगितलं, सिव्हिल मॅटर. राज्याच्या ग्राहक तक्रार विभागात फॉर्म भरला, कागद जोडले, मेसेज जोडले, त्यांनी काय केलं तर माझी तक्रार डीलरला पोस्टाने पाठवली, डीलरने उत्तर दिलं की गिऱ्हाइकाने स्वतः चालवून बघितली, आणि त्यांनी मला कळवलं की दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवून फाइल बंद केली आहे. नोंदवून! पोस्टमन पण हेच काम करतो. डीलर लायसन्सवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले जाहिरात आमच्याकडे येत नाही, जाहिरातवाले म्हणाले जाहिरात आता कुठे आहे दाखवा. ती अर्थातच काढून टाकलेली. तीन दिवसांत रद्द करता येतं असं कुणीतरी छातीठोक सांगितलं, ते पण चूक, तो कूलिंग ऑफचा नियम डीलरच्या लॉटवर जाऊन घेतलेल्या गाडीला लागत नाही. आमच्याकडचा लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडीसाठीचा कायदा, नव्या गाड्यांचा. स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा माझ्या नुकसानीपेक्षा कमी. वकील 3,500 आधी मागतो, आणि करारात मागच्या पानावर आर्बिट्रेशनचं, म्हणजे कोर्टाऐवजी लवादाकडे जायचं, कलम आहे हे त्यानेच दाखवलं. प्रत्येक जण नम्रपणे बोलतो बरं का, टॅक्स भरताना मात्र एक दिवस उशीर झाला तर पत्र कसं झटकन येतं.

शेवटी गाडी खरं काय आहे ते सांगून 13,200 ला विकली, प्लाऊ वेगळा 2,100 ला. तुम्हीच वजाबाकी करा.

घेणाऱ्यांनी एवढं तरी करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्या दिवशी काढा, तारखेसकट. व्हीआयएन काचेतून डॅशबोर्डवर दिसतो, तो स्वतः वाचून एनएचटीएसएच्या (सरकारी वाहन सुरक्षा खात्याच्या) साइटवर टाका, फुकट आहे, मॉडेल आणि वजनाचा वर्ग दोन्ही कळतात. 2500 ला 9,000 पौंडांच्या वरचा वर्ग दिसला पाहिजे. स्टिकर नाही तर गाडी नाही, रंगाची गोष्ट ऐकायची नाही. जाहिरातीतला टोइंगचा आकडा हा त्या मॉडेलमधल्या सगळ्यात दांडग्या गाडीचा असतो, तुमच्या समोरच्या गाडीचा नव्हे, मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो बदलला तरी तो बदलतो. प्लाऊ असेल तर लावून, उचलून चालवून बघा, पुढचं नाक किती बसतं ते टेप लावून मोजा, आणि ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, घेऊन जा, पुढच्या ॲक्सलचं वजन वेगळं छापून मिळतं. मागे बॅलास्ट, म्हणजे तोल राखायचं वजन, टाकायला सांगतात ते पण ॲक्सलच्या मागे, केबिनला चिकटवून नाही. आणि इन्शुरन्सचं कार्ड वाचा. माझ्या कार्डावर के 1500 छापलेलं होतं, पहिल्या आठवड्यापासून.

वकिलाचं पत्र गेलंय, उत्तर नाही. अशा केसेस आधी पैसे न मागता टक्केवारीवर घेणारा कुणी ग्रेट लेक्सच्या बाजूला माहीत असेल तर कळवा, मेसेज, फोटो, ग्लोव्ह बॉक्सचा स्टिकर, मेकॅनिकचं सहीचं बिल, सगळं ठेवलंय मी.