घरी गाडी रंगवली: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग बाकीची भानगड. साध्या स्प्रे कॅनने केलेलं बरंचसं काम दिवाळीपर्यंत पण नीट टिकलं नाही, आणि कंप्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या स्प्रे गनने टू-के क्लिअर (म्हणजे हार्डनर मिसळून पक्का होणारा, रंगावरचा पारदर्शक थर) मारलेलं बॉनेट अन छत अजून चकाचक आहे. दोन्हीकडे कलर कोड एकच, बॉनेट उघडल्यावर प्लेटवर असतो तो. म्हणजे फरक रंगाचा नाहीच, रंगावर काय मारलं त्याचा आहे.

गाडी सिल्व्हर हॅचबॅक, सुदामा नगरात वर्षानुवर्षं उन्हात उभी, छताचं क्लिअर पापुद्रे निघाल्यासारखं उडालेलं. पेंटरने जो आकडा सांगितला तो ऐकून म्हटलं आपणच बघू. मुहूर्त पण असा साधला की ऐन रंगपंचमी तोंडावर, अख्खं इंदूर राजवाड्याला गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला आणि मी पोर्चला ताडपत्री बांधून गाडीची राखण करतोय, कारण ताज्या क्लिअरवर कव्हर टाकता येत नाही, कापडाची वीण छापून बसते.

आधी कॅनचं. आरशांची कव्हरं, पेट्रोलचं झाकण आणि बंपरचा एक कोपरा कॅनने केला. साधा कॅन म्हणजे वन-के, त्यातलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं द्रावक) उडालं की सुकतो, बस, हार्डनर नसतो त्यामुळे आत पक्की बांधणी होत नाही आणि तसलंच सॉल्व्हंट परत लागलं की सुटतो. पंपावर नोझलमधून दोन थेंब ओघळले, मी फडक्याने पुसले तर फडकं चंदेरी! आरशांची कव्हरं मे महिन्याच्या उन्हात फिकट आणि खडूसारखी झाली. बंपरचा कोपरा मात्र ठीक आहे, दोन हातांवरून कळत नाही. त्यामुळे कॅन वाईट असं नाही म्हणणार, ना कंप्रेसर ना गन धुवायची कटकट, पण बॉनेटच्या वाटेला जाऊ नका, एका कॅनमध्ये होत नाही, बोट दुखून येतं आणि फवाऱ्याचा पट्टा अरुंद असल्याने सिल्व्हरमध्ये पट्टेच पट्टे दिसतात. टू-के कॅन पण मिळतात, बुडाचं बटण दाबलं की आतला हार्डनर फुटून मिसळतो आणि मग एक-दोन दिवसांत वापरून संपवावा लागतो. महाग आहे, पण झाकणावर आता तेच मारलंय आणि पेट्रोलला दाद देत नाही.

आता गन. एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा पण कमी दाबावर फवारणारी, १.४ मिमीची नोझल, गनबद्दल तक्रार शून्य. खरा खेळ कंप्रेसरचा आहे आणि हे विकणारा कोणी सांगत नाही. या गनला दहा-बारा सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, घरगुती १ एचपीचा कंप्रेसर चारच्या आसपास देतो, म्हणजे अर्धं छत होईस्तोवर टाकीतला दाब पडतो, थेंब जाड येतात आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत उठतो. शेजारचे काका इंदूरजवळच्या पिथमपूरला कारखान्यात पेंट शॉपला होते, ते खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "अरे, कानाने ऐक की, तो थांबायचं नावच घेत नाहीये, म्हणजे टाकी भरत नाहीये. तू थांब." शेवटी छतासाठी मोठा कंप्रेसर भाड्याने आणला. बॉनेट छोट्यावरच केलं, थांबत थांबत.

काकांनीच रंगाचा दाटपणा मोजायचा व्हिस्कॉसिटी कप आणून दिला, बुडाला भोक असलेली वाटी, ती रंगाने भरायची आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे, मग डब्यावर लिहिल्याप्रमाणे थिनर कमी-जास्त. मी विचारलं, "काका, अंदाजाने नाही का चालणार?" "अंदाज पोह्यात मीठ घालताना," एवढंच बोलले. थिनरचं म्हणाल तर सियागंज बाजारातला दुकानदार पहिल्याच वाक्यात म्हणाला, भिया, गर्मी में स्लो वाला लो, आणि अगदी बरोबर होतं त्याचं, फास्ट थिनर उन्हाळ्यात पत्र्यावर पसरायच्या आतच उडतं आणि पृष्ठभाग खरखरीत राहतो.

घासाईबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी. उघडा पत्रा दिसला तिथे गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर, वर सरफेसर (बारीक ओरखडे भरून सपाट करणारा थर), शेवटी ६००-८०० नंबरचा पेपर पाण्याबरोबर. आणि डॅशबोर्डला चमकवायचा स्प्रे त्या आठवड्यात घराबाहेर काढा, सिलिकॉनचा अंश जरी पत्र्यावर बसला तरी रंग तिथून गोल गोल मागे सरतो.

सिल्व्हर मारताना हात तिरपा झाला की अ‍ॅल्युमिनियमचे कण वेगळे बसतात आणि समोरून एक, बाजूने दुसरी शेड दिसते. सात-आठ इंचांवरून, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवत, शेवटचा कोट जरा लांबून हलका. क्लिअर सकाळी मारा, संध्याकाळी डास येऊन चिकटतात, माझ्या छतावर एकाचे पाय अजून आहेत. मास्किंग टेप क्लिअर ओलसर असतानाच काढायची, वाळल्यावर काढली तर कडा ओढून येते.

मास्कचं मात्र नीट वाचा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा लागू शकतो आणि एकदा शरीर त्याला सेन्सिटिव्ह झालं की पुढे थोडंसं पण सोसत नाही. वास आला तर बाजूला होऊ हे इथे चालत नाही, वास येण्याआधीच पुरेसं आत गेलेलं असतं. एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. मी ऑरगॅनिक व्हेपर (सॉल्व्हंटची वाफ अडवणाऱ्या) कार्ट्रिजवाला मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, घरच्यांना मावशीकडे पाठवलं, तरी खरं तर यासाठी बाहेरून शुद्ध हवा देणारा मास्क लागतो. घरात कोणाला दमा असेल किंवा शेजाऱ्याची खिडकी पोर्चला लागून असेल तर टू-के घरी करूच नका.

जुलैत मागचा बंपर रंगवायला काढला तर पावसाळ्याने वेगळाच हिसका दाखवला. कंप्रेसरच्या टाकीचा खालचा नळ उघडला तर तपकिरी पाणी भळाभळा. हवा दाबली की त्यातलं बाष्प पाणी होऊन बसतं, ते गनमधून आलं की रंगात फोड. वॉटर ट्रॅप लावला तरी काम सप्टेंबरअखेरपर्यंत पुढे ढकललं.

आजची स्थिती अशी: बॉनेटच्या पुढच्या कडेला खडीचे तीन-चार टवके, छताला संत्र्याच्या सालीसारखा हलका पोत, तो २००० च्या पेपरने आणि कंपाउंडने (पॉलिशच्या पेस्टने) बराच बसला. जुन्या दारांशेजारी नवं बॉनेट जरा जास्तच उजळ दिसतं, कोड तोच असला तरी दारं उन्हाने उतरलीत. रंग तोच ठेवला म्हणून आरटीओचा प्रश्न आला नाही, बदलणार असाल तर आरसीवर नोंद लागते, आणि ऑलिव्ह ग्रीन तर विसराच, तो सैन्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

दारं मी पेंटरकडेच देणार आहे. सिल्व्हरची शेड फेंडरपर्यंत हळूहळू मिसळत नेणं माझ्या पोर्चमध्ये होणार नाही. आरशांची कव्हरं तेवढी थंडीत घासून परत करतो, या वेळी टू-केने.