जुन्या गाडीचं जेट किट: पैसे जेटचे, काम तांब्याच्या रिंगचं

गोल स्लाइडच्या (रेस दिली की वर सरकणाऱ्या दट्ट्याच्या) कार्बोरेटरसाठी मिळणारं हे जेट किट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी जेटचा संच, ज्या गाडीवर चढतं ती गाडी बहुधा ठरलेली असते. जुनं सिंगल सिलिंडर इंजिन, एअर बॉक्स (हवेच्या फिल्टरचा मूळ डबा) काढून थेट कार्बोरेटरच्या तोंडाला लावलेला पॉड फिल्टर, आखूड मोकळा सायलेन्सर, आणि रेस सोडली की मागून फटाक्यांची माळ. पाकिटात तीन पायलट जेट, चार मेन जेट, पाच खाचांची सुई, फ्लोटच्या वाटीचं गॅस्केट आणि बेंड पाईपसाठी (इंजिनाकडून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाईप) तांब्याची एक रिंग निघते. रिंग इतकी साधी दिसते की बरेच जण ती पाकिटातच राहू देतात.

सोबतच्या कागदावरची पहिली सूचना आहे, मेन जेट दोन मापं वाढवा. गडबड तिथेच सुरू होते. मेन जेटचा अंमल रेस पाऊण उघडल्यानंतर चालतो, पाव ते पाऊणमध्ये सुईची उंची ठरवते आणि त्याखाली स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरका काप. फटाके फुटतात ते रेस पूर्ण बंद असताना, उतारावर किंवा गियर टाकताना. त्या वेळी इंजिनाला पेट्रोल मिळतं ते फक्त पायलट जेटमधून. ते कमी पडलं की सिलिंडरमध्ये स्फोट चुकतो, न जळलेलं मिश्रण तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे बाहेरची हवा मिळाली की पेटतं. मेन जेट कितीही मोठं लावा, या आवाजात फरक पडणार नाही. फुल रेसला गाडी गुदमरेल आणि प्लग काळा होईल, एवढंच.

बाहेरची हवा येते कुठून? बहुतेक वेळा हेडला बेंड पाईप बसतो त्या जोडातून. धुराच्या प्रत्येक ठोक्यामागे पाईपमध्ये क्षणभर ओढ तयार होते आणि सैल जोड तेवढ्यात हवा आत घेतो. म्हणून किट उघडल्यावर जेटला हात लावायच्या आधी रिंग बदला. जुनी रिंग खरवडून पूर्ण काढा, कारण ती पोर्टच्या तळाशी चिकटून राहते आणि तिच्यावर दुसरी बसली की पाईप तिरका बसतो. दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, इंजिन एकदा तापवून थंड करा आणि पुन्हा आवळा. तपासायला थंड इंजिनवर जोडाला साबणाचं पाणी लावा, सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने अर्धवट दाबून गाडी चालू करा. बुडबुडे आले तर गळती आहे. जोड तापायच्या आत बघा, नंतर पाणी उडून जातं. रिंगचा दर्जा चांगला आहे, तांबं मऊ आहे. पुन्हा वापरायची असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, परत मऊ होते.

जोड घट्ट असूनही आवाज राहिला तरच पायलट जेटकडे वळा. जेट खोलण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. चोक किंचित ओढून उतारावर रेस सोडा. फटाके कमी झाले तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. मग इंजिन गरम करून एअर स्क्रू (पायलटची हवा कमी-जास्त करणारा) हळूच पूर्ण आत घ्या, दीड आटा बाहेर काढा आणि तिथून आत-बाहेर करत आयडल (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) सर्वांत चढा कुठे लागतो ते शोधा. तो अर्ध्या आट्याच्याही आत सापडला तर पायलट एक माप मोठं लागेल, अडीच आट्यांच्या पुढे गेला तर लहान. हा हिशोब फिल्टरच्या बाजूच्या स्क्रूचा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आणि सगळं उलटं होतं. किटमधले पायलट पाच-पाच आकड्यांच्या अंतराने आहेत, ही खरी उणीव. अडीच आकड्यांच्या अंतराचं मधलं माप बऱ्याचदा हवं असतं आणि ते सुटं घ्यावं लागतं. ते घेताना मेक तोच ठेवा. कुणाचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, कुणाचा प्रवाह.

एक जागा कागदावर अजिबात नाही. पॉड फिल्टरची रबरी कड कार्बोरेटरच्या तोंडातल्या बारीक हवेच्या भोकावर येऊ शकते. मग जेट बरोबर असूनही गाडी रिच (हवेच्या मानाने जास्त पेट्रोलवर) चालते, आणि माणूस आठवडाभर जेटच बदलत बसतो. फिल्टर दोन मिलीमीटर मागे ओढून बघा.

आणि काही फटाके या किटचे नाहीतच. चढावर जोर लावताना सायलेन्सरमधून मोठा बार निघत असेल तर आधी ठिणगीची बाजू, म्हणजे कंडेन्सर, पॉइंटचा गॅप (अनेक जुन्या इंजिनांत ०.३५ ते ०.४० मिमी) आणि प्लगची कॅप तपासा. कार्बोरेटरमधून उलटा बार येत असेल तर ठिणगीचं टायमिंग, इनटेक व्हॉल्व्हचा टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि इनटेकचं तडकलेलं रबर.

पितळेचं काम स्वच्छ आहे, पण मेन जेटची स्क्रूड्रायव्हरची खाच उथळ आहे. पातं पूर्ण रुंदीचं घ्या, नाहीतर कड सोलते. सुईची उंची ठरवणाऱ्या क्लिपला मधल्या खाचेतून सुरुवात करा. मोकळ्या सायलेन्सरला रेस सोडल्यावर थोडी फटफट राहणारच. ती पूर्ण घालवायला मिश्रण रिच करत गेलात तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि पिस्टन आणि त्याच्या रिंगचा खर्च या किटपेक्षा कितीतरी मोठा आहे.