फॉसिलचं स्टार्टर किट: अमोनाइट भारी, ट्रायलोबाइट चक्क रेझिनचा

आपल्या सोलापुरात पायाखाली सगळा काळा बसाल्ट, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच, त्यात फॉसिल, म्हणजे दगड झालेले जुने जीव, कुठनं सापडणार, म्हणून दिवाळीच्या पैशातनं ऑनलाइन किट मागवलं, बाराशेला पाच नग.

अमोनाइट, म्हणजे गोल वळलेल्या शंखाचा नामशेष समुद्री जीव, मात्र एक नंबर. मादागास्करचा, मधोमध कापून पॉलिश केलेला, आतले कप्पे एकेक मोजता येतात, दोन-तीन कप्प्यांत कॅल्साइट खनिजाचे खडे चमकतात. आई म्हणाली, जिलेबी कापलीय जणू! मोरोक्कोचा शार्कचा दात टोकाला झिजलाय पण चालतंय. बाकी दोन शिंपले ठीकठाक.

ट्रायलोबाइटनं, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या नामशेष समुद्री जीवानं, डोकं फिरवलं. भिंगातनं बघितलं तर अंगभर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं, हवेचे बुडबुडे ओ ते, साच्यात ओतलेलं रेझिन, प्लास्टिकसारखं! विकणारा म्हणे "नॅचरल आहे", फोटो पाठवल्यावर गप तीनशे परत केले.

आणि चिठ्ठीवर नुसतं 'समुद्री जीवाश्म', गाव नाय, थर नाय, काळ नाय, मग संग्रहात लिहायचं काय? तीन स्टार, तेपण अमोनाइटसाठी. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी किट घेऊ नका, सुटा अमोनाइट घ्या, आणि ट्रायलोबाइट स्वस्तात दिसला तर आधी भिंग काढा.