फोनवरचं नम्र इंग्रजी : क्लास लावायचा, मोबाईलवर शिकायचं की जोडीदार शोधायचा?

धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांची रिसेप्शन, मिहानमधल्या कंपन्या, वाडीतली ट्रान्सपोर्टची ऑफिसं, पेंच-ताडोब्याच्या सफारीचं बुकिंग घेणारे टूरवाले. नागपुरात साध्या पदवीवर मिळणाऱ्या अशा नोकऱ्यांत दिवसातून एकदा तरी इंग्रजीतून फोन येतो. मराठी माध्यमातून शिकलेली आपली पोरं इंग्रजी वाचतात, मेल लिहितात, व्हॉट्सॲपवर झरझर टाइप करतात. फोन वाजला की मात्र रिसीव्हर शेजारच्याकडे सरकवतात. मग घरी विषय निघतो: सीताबर्डीला क्लास लावू, की फुकटात मोबाईलवर होईल?

पैशांचा हिशेब नंतर करू. आधी नेमकं काय शिकायचं आहे ते ठरवा, कारण तिथेच बहुतेकांची निवड चुकते. आपला आदर क्रियापदातच असतो. ‘नंबर द्या’, ‘थोडं थांबा’ म्हटलं की समोरच्याचा मान राखला जातो. इंग्रजीत ‘गिव्ह युअर नंबर’, ‘वेट’ म्हटलं की तो मान गळून पडतो आणि उरतो फक्त हुकूम. बोलणाऱ्याच्या मनात उर्मटपणा नसतो, तरी ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो. समोरासमोर असलो तर हसरा चेहरा सांभाळून घेतो, फोनवर चेहराच नाही. म्हणून ‘हू आर यू?’ऐवजी ‘मे आय नो हूज कॉलिंग, प्लीज?’, ‘डॉक्टर इज नॉट देअर’ऐवजी ‘आय ॲम अफ्रेड डॉक्टर इज विथ अ पेशंट, मे आय टेक अ मेसेज?’ अशी वाक्यं तोंडात बसवावी लागतात. ती पंचवीस-तीसच्या वर नाहीत. पाठ करायला एक आठवडा पुरतो. अडचण असते ती समोरचा भराभर बोलत असताना त्यातलं योग्य वाक्य वेळेवर आठवण्याची.

दुसरी अडचण कानाची आहे. जुन्या पद्धतीची टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेते. ‘स’ आणि ‘फ’ या ध्वनींची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो, त्यामुळे ‘एस’ आणि ‘एफ’ फोनवर सारखेच ऐकू येतात. इंग्रजी चांगलं असलेल्यालाही हे होतं. वैमानिकांची आल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमाला १९५६ मध्ये ठरली ती अशाच घोटाळ्यांवर उपाय म्हणून. दवाखान्यात विमा कंपनीशी बोलताना पेशंटचं आडनाव सांगायचं असेल तर ‘एफ फॉर फादर, एस फॉर शुगर’ म्हणायची सवय हवी. फिफ्टीन आणि फिफ्टीचं तसंच, म्हणून ‘वन फाइव्ह’ असे आकडे सुटे करून सांगायचे. परदेशी पर्यटकाला सफारीचं पॅकेज लाखात सांगू नका, त्याला कळणार नाही.

आता क्लास. त्याचा खरा फायदा म्हणजे शिस्त आणि चूक तिथल्या तिथे सांगणारा माणूस. घरी कितीही ठरवलं तरी टाळाटाळ होते, पैसे भरले की पाय आपोआप बर्डीकडे वळतात. खापरीहून असो, लोकमान्यनगरहून असो, दोन्ही मेट्रो मार्ग सीताबर्डीला मिळतात, म्हणजे जाण्यायेण्याचीही तेवढी अडचण राहिलेली नाही. पण गणित करून बघा. वीस जणांची बॅच आणि एक तासाचा वर्ग असेल तर शिक्षक एक शब्द न बोलतासुद्धा प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. त्यातही बहुतेक ठिकाणी ‘स्पोकन इंग्लिश’ म्हणजे काळांचे तक्ते, स्वतःची ओळख आणि एखाद्या विषयावर दोन मिनिटं भाषण. फोनचा धडा कधीतरी एक दिवस होतो, तोही दोघांना समोरासमोर बसवून.

म्हणून डेमो लेक्चरला जाल तेव्हा एकच गोष्ट विचारा: फोनचा सराव कसा घेता? ‘खरा फोन लावून, एक जण बाहेर गॅलरीत, एक जण आत, बाकीचे स्पीकरवर ऐकून चुका लिहितात’ असं उत्तर आलं तर तो क्लास लावायच्या लायकीचा. निदान पाठीला पाठ लावून बसवत असतील तरी चालेल. ‘आधी ग्रामर पक्कं करू, मग बोलणं आपोआप येईल’ असं म्हणाले तर उठून या. आणि ॲक्सेंटच्या नावाखाली जादा फी मागितली तर देऊ नका. आपला नागपुरी हेल असू द्या, बापा. सावकाश बोललं आणि शब्दाचं शेवटचं अक्षर गिळलं नाही, तर लंडनच्या माणसालाही कळतं.

मोबाईलवरचं फुकट साहित्य फार चांगलं आहे आणि आपण ते पुरतं वापरत नाही. बीबीसीनं रेडिओवरून इंग्रजी शिकवायला १९४३ मध्येच सुरुवात केली होती, चेहरा न दिसता कानानं भाषा शिकवण्याचा एवढा अनुभव क्वचितच कुणाकडे असेल. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिशवर फोनवरची संभाषणं पातळीप्रमाणे ऐकायला मिळतात, सोबत लिखित मजकूरही असतो. आधी मजकूर न बघता ऐका, मग बघा. ऐकण्याच्या बाबतीत हे कोणत्याही क्लासपेक्षा सरस आहे, हे मी ठामपणे सांगते. उणीव एवढीच की ते तुमचं ऐकत नाही. तिथला आवाजही स्टुडिओतला, स्वच्छ. मेयो हॉस्पिटलसमोरच्या रस्त्यावर उभं राहून कुणी फोन केलाय आणि मागे ऑटोंचे हॉर्न चाललेत, ही तयारी त्यातून होत नाही.

हल्ली एआयशी तोंडी बोलता येतं. लाजाळू माणसासाठी हे मोठं वरदान आहे, कारण समोर हसणारं कुणी नसतं. त्याला सांगायचं, ‘तू बुकिंग रद्द झालेला रागावलेला ग्राहक हो, माझं बोलणं मध्येच तोड, आणि शेवटी माझी उर्मट वाटणारी वाक्यं दाखव.’ हे शेवटचं सांगायला विसरू नका. न सांगता तो तुमचं मोडकंतोडकं इंग्रजीही समजून घेतो आणि वर शाबासकी देतो. विमा कंपनीचा माणूस तसं करणार नाही.

तिसरा पर्याय लोकांच्या डोक्यातच येत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात भारी आहे: फोनवरचा जोडीदार. कॉलेजची मैत्रीण, मामेभाऊ, ऑफिसातला सहकारी, कुणीही चालेल. त्याचं इंग्रजी तुमच्याइतकंच असलं तरी हरकत नाही, कारण वाक्यं दोघांनाही ठाऊक आहेत, हवी आहे ती घाई आणि दडपण. रोज एकानं दुसऱ्याला फोन लावायचा, वेळ न सांगता. दुसऱ्यानं जिथे असेल तिथे उचलायचा, भाजी घेताना, मेट्रोच्या फलाटावर, आणि लगेच रिसेप्शनिस्ट व्हायचं. साधा कॉल लावायचा, इंटरनेटवरचा कॉल बऱ्याचदा जास्त स्पष्ट येतो आणि कानाला खोटी सवय लागते. पाच मिनिटं पुरे. नंतर मराठीतून बोलायचं: कुठे अडकलास, कुठे गप्प झालास, होल्डवर टाकण्याआधी ‘कुड यू होल्ड फॉर अ मोमेंट?’ विचारून उत्तराची वाट पाहिलीस का. आपण नुसतं ‘हं, हं’ करतो, तिथे ‘राइट’, ‘आय सी’ आलं का. शेवटी ‘बरं, ठेवतो’ या आपल्या सवयीनं फोन तोडला, की ‘थँक यू फॉर कॉलिंग’ म्हणून समोरच्याला आधी ठेवू दिला.

यातला धोका म्हणजे दोघांची चूक एकच असली तर ती पक्की होते. त्यासाठी महिन्यातून एखादा कॉल, दोघांच्या संमतीनं, रेकॉर्ड करून इंग्रजी चांगलं असलेल्या शिक्षकाला किंवा सिनियरला ऐकवा.

‘हितवाद वाच, इंग्रजी सुधारेल’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला नागपुरातल्या घरोघरी मिळतो. १९११ पासूनचा हा पेपर जरूर वाचा, शब्द वाढतात. फोनवर बोलायला मात्र त्यानं मदत होत नाही.

मग निवड कशी करायची? इंग्रजी वाक्य जुळवतानाच घाम फुटत असेल, तर दोन-तीन महिने क्लास लावाच, एकट्यानं ती भीती जात नाही. वाक्य येतं पण फोनवर सुचत नाही, असं असेल तर क्लासचे पैसे वाचवा. सकाळी बीबीसी किंवा ब्रिटिश कौन्सिल ऐका, संध्याकाळी जोडीदाराला फोन लावा. जोडीदार मिळेपर्यंत एआय. मिहानमध्ये कॉल सेंटरची नोकरी हवी असेल तर निवड झाल्यावर कंपनी स्वतःच ट्रेनिंग देते का, हे मुलाखतीत विचारून घ्या. तसं असेल तर बाहेर महागडा कोर्स करण्यात अर्थ नाही, आत शिरण्यापुरतं बोलता आलं की झालं. आणि क्लास लावणारच असाल तर सगळी फी एकरकमी भरू नका. एक महिन्याची भरा, त्या महिन्यात तुमच्या हाती खरा फोन किती वेळा आला ते बघा, मग पुढचे पैसे.