जिंतूर रोडचे बिनपाटीचे चाचा: पाचपैकी चार तारे

दुकानाला पाटी नाही. परभणीहून जिंतूर रोडला लागलं की एक टायरवाला लागतो, त्याच्या मागं लिंब आणि लिंबाखाली पत्र्याचं शेड. कोणालाही "बॅटरीवाले चाचा" विचारा, बोट दाखवतात. ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, काळीपिवळी, सगळ्यांचं वायरिंग तिथं होतं. आमच्या जुन्या कॅरॅव्हॅनचंही झालं. तीन दिवस सांगितले होते, नऊ लागले. एक तारा तिथं कापला. बाकीचे चार का दिले ते सांगते.

गाडी २०१२ ची टेम्पो ट्रॅव्हलर. कुणीतरी तिच्या सीटा काढून पलंग, ओटा, फ्रिज आणि एवढंसं न्हाणीघर बसवलं, काही वर्षं वापरली आणि आमच्या ह्यांच्या गळ्यात मारली. हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून मोबाइलवर असल्याच गाड्या बघत बसायचे. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा तर ते आपल्यासाठीच आणलंय अशा थाटात त्यांनी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. सव्वासहा लाख मोजले. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. गॅसचा वास येतो म्हणून फोन केला तर म्हणाला, "थोडा येतोच हो काकू, नवी नळी टाका." एवढ्यावरून माणूस ओळखा.

ठरवलं होतं मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगं करायची. आधी औंढा, मग परळी, शेवटी वेरूळचं घृष्णेश्वर. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन केलं, दशम्या-चटणी बांधली आणि निघालो. औंढ्याला पोचेपर्यंत फ्रिज बंद. हे देवळात उभं राहून मला नामदेवांची गोष्ट सांगत होते, कीर्तनासाठी देऊळ कसं फिरलं ती. माझ्या मनात आलं, नामदेवांसाठी अख्खं देऊळ फिरलं आणि आमच्यासाठी फ्रिजचा पंखासुद्धा फिरेना. दही आंबून गेलं होतं.

संध्याकाळी एका लॉजच्या अंगणात गाडी लावली आणि त्यांच्याकडून वायर ओढून लाइट घेतली. दाराच्या स्टीलच्या दांडीला हात लावला तर कोपरापर्यंत झिणझिण्या. हे म्हणाले, पाऊस झालाय, दमट आहे. दमट असलं म्हणून दांडीत करंट उतरतो होय? वायर काढून टाकली आणि अंधारात जेवलो.

पहाटे चहा ठेवायला उठले. उभी होते तोवर काही जाणवलं नाही. चप्पल शोधायला वाकले आणि भपकन वास आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, गळाला की खाली पाण्यासारखा साचतो, हे पोरांकडून घोकून घेतलं. तो माझ्याच पायाशी साचेल असं कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात ह्यांचा हात दिव्याच्या बटणाकडं गेला. "हात खाली!" आवाज थेट वर्गातला निघाला. बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते, आणि हवेत दोनेक टक्के गॅस मिसळला असला तरी तेवढी ठिणगी पुरते. चाचपडत रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि दोघं लॉजच्या पायरीवर जाऊन बसलो. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर असतो. मी तो तोंडपाठ असूनही तेव्हा लावला नाही, हे माझं चुकलंच. उजाडल्यावर, वास पार गेल्यावर, गाडी परभणीच्या दिशेनं वळवली. तीनपैकी एका ज्योतिर्लिंगावर यात्रा आटोपली.

आता चाचांकडं येते. त्यांनी बसा म्हटलं नाही, चहा म्हटला नाही. चपला बाहेर काढून आत चढले आणि फ्रिजमागच्या प्लायचे स्क्रू काढायला लागले. प्लाय बाजूला झाला तसे थांबले आणि मला आत बोलावलं. दोन वायरी एकमेकींना वेणीसारख्या पिळलेल्या, वरून चिकटपट्टी. पट्टी उन्हानं आणि करंटानं वितळून तिचा डिंक खाली ओघळलेला. चाचांनी नखानं टोकरलं तर आतली तार काळीठिक्कर, आणि मागच्या लाकडावर जुन्या रुपयाएवढा करपलेला डाग.

"बाई, ह्यात झोपलात तुम्ही?"

"एक रात्र."

"अल्ला की मेहरबानी," एवढंच म्हणाले आणि मीटर काढला.

बॅटरीवर १२.५ व्होल्ट. फ्रिजपाशी, फ्रिज चालू असताना, १०.८. दोन्ही आकडे त्यांनी मला वाचायला लावले, कोर्टात साक्षीदाराला लावतात तसे. घरात दिव्याला वापरतात तसली एक एमएमची वायर सात मीटर ओढलेली होती. साठ वॅटचं यंत्र घरच्या २३० व्होल्टवर पाव अँपिअर ओढतं, बॅटरीच्या १२ व्होल्टवर तेच पाच अँपिअर ओढतं. म्हणजे गाडीत वायर जाड हवी, आणि हौशी मिस्त्री नेमके उलटं करतात, कारण "बाराच तर व्होल्ट आहेत". घरच्या लाइनीत पावणेदोन व्होल्ट वाटेत मुरले तर कुणाला पत्ता लागत नाही. बारातले तेवढे मुरले की फ्रिज मान टाकतो, आणि मुरलेलं सगळं वायरीत आणि पिळलेल्या जोडात उष्णता होऊन निघतं. तो करपलेला डाग त्याचाच.

फ्यूज? बॅटरीजवळ नव्हताच. पुढच्या डबीत एक होता, त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून खुपसलेली. फ्यूज वायरीच्या आधी वितळायला हवा. इथं चांदीच्या आधी गाडी वितळली असती.

दांडीतल्या झिणझिण्यांचं कारण तर दोन मिनिटांत सापडलं. बाहेरून लाइट घ्यायच्या वायरीला दोन पिनांचा प्लग होता, अर्थिंगची हिरवी वायर आत कापून मुडपून ठेवलेली. चार्जरमधून झिरपणारा करंट बॉडीवर येत होता आणि बॉडीवरून माझ्या हातात. आता तीन पिनांचा प्लग आहे, बॉडीला अर्थिंग आहे आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली आहे. इतकी गळती झाली की ती लाइन तोडते, माणसाला धरून ठेवत नाही. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते अधूनमधून दाबून खटका पडतो का बघायचं. मी पेन्शन जमा होते त्या दिवशी दाबते, म्हणजे विसरत नाही.

फ्रिजला सहा एमएमची वायर टाकली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, प्रत्येक जोडाला दाबून बसवलेला लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी), जिथं वायर पत्र्यातून जाते तिथं रबरी बुश. आता फ्रिजपाशी १२.३ मिळतात. मीच मोजले, चाचांचा मीटर मागून घेऊन.

मग मी गॅसचं विचारलं. चाचांनी ओट्याखालच्या कपाटाकडं पाहिलंसुद्धा नाही. "गॅस मेरा काम नहीं, बाई." हे म्हणाले, नळीच तर बदलायची आहे. चाचा म्हणाले, मग तुम्हीच बदला. सगळ्या जिंतूर रोडवर आम्हाला "करून टाकू" म्हणणारी माणसं भेटली होती. नाही म्हणणारा हा पहिला. तो नाही म्हणाला म्हणून मी वायरिंगही त्याच्याकडं निर्धास्त ठेवलं. त्यांनी फोन करून गॅस एजन्सीतल्या एका मेकॅनिक पोराला बोलावलं, तो ड्युटी सुटल्यावर संध्याकाळी आला.

पोरगा विशी-बाविशीचा, पण हात शांत. आधी साबणाचं पाणी केलं आणि ब्रशनं नळीवर लावत गेला. नळी म्हणजे बागेला पाणी घालायची हिरवी असते तसलीच, टोकाला क्लिप नव्हती, तारेनं आवळलेली. प्लायच्या भोकातून जिथं ती शेगडीकडं गेली होती तिथं, कडेला घासून घासून झालेल्या चिरेवर, फेसाचे बुडबुडे फुगायला लागले. एक फुगायचा, फुटायचा, दुसरा यायचा. सावकाश, दूध उतू जायच्या आधी येतात तसे. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

सिलिंडर पाच किलोचा होता. पोरानं त्याच्या कड्याच्या आतली पट्टी वाचली. तिथं ए ते डी यातलं एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे पुढची तिमाही, असं. तेव्हापर्यंत सिलिंडरची तपासणी व्हायला हवी. आमच्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच टळलेली. तो जमा करायला लावला. घरचे सिलिंडर आयुष्यभर घेतले, पण हे अक्षर मी कधी वाचलं नव्हतं, विज्ञानाची बाई असून.

कपाटाला आतून दार आणि तळ पक्का बंद, म्हणजे गळलेला गॅस सरळ आमच्या पलंगाखाली. त्यानं आतलं दार कायमचं बंद करवून बाहेरून उघडणारं दार करवलं, तळाला दोन मोठी भोकं पाडून जाळी बसवली, सिलिंडर उभा पट्ट्यानं बांधला. पत्र्याचं काम शेजारच्या वेल्डरनं केलं, त्याचे पैसे वेगळे. रबरी नळी भिंतीतून न्यायची नाही आणि दीड मीटरपेक्षा लांब ठेवायची नाही, म्हणून शेगडीपर्यंत तांब्याची नळी, मध्ये बंद करायचा कॉक. सिलिंडरपाशी तेवढी केशरी सुरक्षा नळी, आयएसआय मार्काची. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची.

यानंतरचं मला फार आवडलं. पोरानं पिशवीतून गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी काढली, इंग्रजी यू सारखी वाकवून फळीवर बांधली, अर्धी पाण्यानं भरली आणि एक टोक गॅसच्या लाइनीला जोडलं. गॅस सोडला. एका बाजूचं पाणी खाली गेलं, दुसरीकडचं वर चढलं, मधला फरक फुटापेक्षा बोटभर जास्त. घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारचा असतो, म्हणजे पाण्याचा साधारण ३० सेंटीमीटरचा खांब. मग सिलिंडर बंद करून तो मला म्हणाला, "मावशी, आता दहा मिनिटं पाण्याकडं बघत बसायचं. उतरलं तर गळतंय." आम्ही चौघं लिंबाखाली त्या नळीकडं बघत बसलो. टायरवालाही येऊन बसला. पाणी जागचं हललं नाही. प्रयोगशाळेला कपाट नव्हतं तेव्हा मी हा प्रयोग फळ्यावर चित्र काढून शिकवला होता.

भांडण झालं ते गिझरवरून. न्हाणीघर तीन बाय तीन फुटांचं, त्यात गॅसचा गिझर, धूर बाहेर जायला पाइप नाही. ह्यांना कडक पाण्याची अंघोळ लागते. पोरगा म्हणाला, "काका, तो परत लावायचा असला तर मी लाइनच जोडत नाही." गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो. अपुऱ्या हवेत जळून जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला वासच नसतो, माणूस चक्कर येऊन तिथंच पडतो. दर हिवाळ्यात गॅस गिझरच्या बातम्या येतात, त्या मी ह्यांना वाचून दाखवल्या, धोरणाची बातमी त्यांनी मला वाचून दाखवली होती तशाच मोठ्या आवाजात. गिझर निघाला. आता अंघोळ लॉजवर किंवा शेगडीवर तापवलेल्या बादलीनं.

दोन अलार्म ऑनलाइन मागवले. गॅसगळतीचा जमिनीपासून वीतभर उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा उशाशी. गळतीचा अलार्म ह्यांनी अंगावर सेंट फवारला की बोंबलतो. त्या डब्यात फवाऱ्यासाठी त्याच जातीचा गॅस असतो, त्यामुळं त्याला खोटं पाडता येत नाही. सेंट आता बाहेर उभं राहून मारतात.

खर्च: चाचांचे सामानासकट १४,६०० रुपये, गॅसचे ३,२००, वेल्डर १,८००. बिल मागितलं तर चाचांनी बॅटरीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहून दिलं, ते मी जपून ठेवलंय. तक्रारी आहेतच. नऊ दिवसांत चार वेळा "कल आओ" ऐकलं. न विचारता आतमध्ये लाल एलईडीची पट्टी लावली, रात्री गाडी ऑर्केस्ट्राच्या टेम्पोसारखी दिसते. बटणांवर मार्करनं नावं लिहिली आहेत, त्यात फ्रिजचं "फिरीज" झालंय. ते मी लाल पेननं दुरुस्त केलं, राहवलं नाही.

पायरीचा दिवा अजून उलटा चालतो, बटण बंद केलं की लागतो. चाचा म्हणाले, शनिवारी आणा. दोन शनिवार गेलो, शेडला कुलूप. टायरवाला सांगत होता, पुतण्याच्या लग्नाला सेलूला गेलेत.