टाउनची लिटल लीग की वीकेंडची ट्रॅव्हल टीम? (मूल नऊ ते बाराचं असेल तर)

ऑगस्ट आला की इकडे न्यू जर्सीत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमी आणि ट्रॅव्हल बेसबॉलच्या ट्रायआउटचे (निवड चाचणीचे) इमेल. लिटल लीग म्हणजे आपल्या टाउनमधल्या पोरांची बेसबॉल लीग, आणि ट्रॅव्हल म्हणजे पोरं निवडून घेऊन वीकेंडला बाहेरगावी टुर्नामेंट खेळणारी टीम. आपण बरेचसे क्रिकेटवर वाढलेले, बेसबॉल पोरांकडूनच शिकलो, त्यामुळे कोणी कोच येऊन "मुलाच्या हातात दम आहे हो" म्हणाला की आपण विरघळतो आणि चेक फाडतो. मीही फाडला. एक वर्ष ट्रॅव्हल, आणि त्याच्या आधी-नंतर टाउनची लीग, असं दोन्ही करून झालंय म्हणून लिहितोय.

पैशाचं लगेच संपवतो. आमच्या टाउनला सीझनची फी दोनशे डॉलरच्या आत, त्यात जर्सी-टोपी आली, वर आईबापाने स्नॅक बारवर दोन शिफ्ट करायच्या. ट्रॅव्हलला आम्ही अडीच हजार भरले आणि तो फक्त टीमचा आकडा होता. हॉटेल वेगळं, आणि ते पण पाहिजे ते नाही, बऱ्याच टुर्नामेंटांना "स्टे टू प्ले" असतं म्हणजे त्यांच्याच यादीतलं हॉटेल घ्यायचं, नाहीतर टीमला एंट्री नाही. शिवाय गेटवर आईबापाचं तिकीट. स्वतःच्या पोराची मॅच बघायला तिकीट, हे आमच्या आईला अजून पटलेलं नाही.

वेळेचा हिशोब मला जास्त लागला. शनिवारी सकाळी आठला एक मॅच, दुसरी दोनला, मधे पार्किंग लॉटमधे छत्रीखाली डब्यातले पराठे. रविवारी सकाळी लवकर नॉकआउट, त्यामुळे मराठी शाळा बुडाली ती बुडालीच. एका वीकेंडला मेरीलँडला जाऊन-येऊन सहा-सात तास गाडी चालवली, चार मॅच झाल्या आणि आमचे चिरंजीव नवव्या नंबरला, एकूण सात वेळा बॅटिंगला आले. टाउनच्या मैदानावर तो सायकलने जातो, दोन तासात घरी, आणि डगआउटमधली पोरं सोमवारी त्याच्याच वर्गात असतात.

पण खोटं नाही बोलणार, ट्रॅव्हलचा खेळ चांगला असतो, खूपच चांगला. लीगमधे कधी कधी पिचर (म्हणजे बोलर) एकामागून एक सहा जणांना वॉक देतो, म्हणजे चेंडू बाहेर टाकून फुकट पहिला बेस देतो, आणि राइट फील्डवरचं पोर गवत उपटत बसलेलं असतं, पालक म्हणून बघवत नाही. आणि लिटल लीगमधे बाराव्या वर्षापर्यंत चेंडू बॅटरपाशी पोचल्याशिवाय रनरला बेस सोडता येत नाही, तर ट्रॅव्हलमधे अकरा-बाराची पोरं बहुतेक मोठ्या मैदानावर खेळतात आणि लीड घेतात, म्हणजे आपला नॉन-स्ट्रायकर बॅकअप घेतो तसं, मग पिचरने वळून त्याला बाद करायचं वगैरे. हे सगळं आमचा एका वर्षात शिकला, लीगमधे शिकला नसता.

उलट बाजूने, लीगमधे प्रत्येक मुलाला खेळवलंच पाहिजे असा नियमच आहे. ट्रॅव्हलमधे पैसे भरले म्हणजे खेळायला मिळेल असं समजू नका, दोन वीकेंड आमचा बाकावरच जास्त होता. कोचच्या मुलाला शॉर्टस्टॉप (फील्डिंगची मोक्याची जागा) मिळतो हे मात्र दोन्हीकडे सारखं.

आता खरा मुद्दा, हात. लिटल लीगमधे पिच, म्हणजे टाकलेले चेंडू, मोजतात. नऊ-दहाच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बाराच्याला ८५, आणि ६६ किंवा जास्त टाकले की चार दिवस पिचिंग बंद. चार इनिंग (एक इनिंग म्हणजे तीन बाद होईपर्यंतचा डाव) कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, म्हणून उभा राहिला तर त्या दिवशी पिचिंग नाही. बऱ्याच वीकेंड टुर्नामेंटांत हिशोब पिचचा नसतो, इनिंगचा असतो, आणि एक इनिंग आठ पिचमधेही संपते आणि पस्तीसमधेही. त्यात पोरगं दोन्हीकडे खेळत असेल तर गुरुवारी लीगमधे टाकलेले आणि शनिवारी टुर्नामेंटला टाकलेले यांची बेरीज कोणीच करत नाही, दोन्ही कोच म्हणतात आमच्याकडे लिमिटमधेच आहे. ती बेरीज तुम्हालाच करावी लागते, मी फोनवर काउंटर घेऊन बसायचो, लोक हसायचे. एमएलबी (इथली व्यावसायिक बेसबॉल लीग) आणि यूएसए बेसबॉल (देशातली बेसबॉलची संघटना) यांनी २०१४ मधे पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात या वयाला वर्षातले किमान चार महिने हाताला पूर्ण सुट्टी आणि एका वेळी एकापेक्षा जास्त टीममधून पिचिंग टाळा असं स्पष्ट लिहिलंय. फॉल बॉल, हिवाळ्यात इनडोअर, मग स्प्रिंग, मग समर, सांगा चार महिने कुठून काढणार.

अजून एक, लीगमधे चुरस नाही असं कोणी म्हणालं तर त्याला टॉम्स रिव्हर सांगा. जूनमधे लीगच्या ऑल-स्टार टीम निवडतात, त्या आपल्या हद्दीतल्या पोरांच्याच लागतात, आणि डिस्ट्रिक्ट, स्टेट, रीजन करत ऑगस्टमधे पेनसिल्व्हेनियात विल्यम्सपोर्टला पोचतात, जिथे १९३९ मधे लिटल लीग सुरू झाली. १९९८ ला आपल्या न्यू जर्सीतली टॉम्स रिव्हरची टीम तिथे जपानला हरवून लिटल लीगची वर्ल्ड सिरीज जिंकली होती, त्यातला टॉड फ्रेझर पुढे मोठ्यांच्या न्यूयॉर्क यँकीजकडून खेळला.

तर माझं मत, बारापर्यंत टाउनची लीग आणि जमलं तर ऑल-स्टार. तेराला मैदान एकदम मोठं होतं, बेस ६० फुटांवरून ९० फुटांवर, बरीच पोरं खेळ सोडतात आणि टाउनला टीम भरायची मारामार, तेव्हा हायस्कूल टीमचं डोक्यात असेल तर ट्रॅव्हलला अर्थ आहे. त्याआधी फक्त एकच कारण मला पटतं, पोरगं स्वतः रोज अंगणात भिंतीवर चेंडू मारतंय आणि मागे लागलंय. ते सुद्धा असा कोच शोधा जो पिच मोजतो, हॉटेल लागणाऱ्या टुर्नामेंट किती ते आधीच लिहून देतो आणि हात मोडला तर फीचं काय ते सांगतो.

आणि बॅट घेताना छाप बघा. २०१८ पासून लिटल लीगच्या लहान गटांत यूएसए बेसबॉलचा छाप असलेलीच चालते, यूएसएसएसए (ट्रॅव्हल टुर्नामेंट भरवणारी संघटना) छापाची चालत नाही. आमची साडेतीनशेची बॅट गॅरेजमधे पडून आहे, कोणाला ट्रॅव्हलसाठी पाहिजे असेल तर सांगा.